ऊर्जेचा कार्यक्षम वापर : शासन, उद्योग आणि आपले घर

'भारनियमन' हा शब्द महाराष्ट्रातील वाचकांना समजावून सांगावा लागत नाही. साधारण २००५ ते २०१२ या काळात राज्यातील विजेची मागणी आणि पुरवठा यांतील तफावत काही वेळा ४,००० मेगावॅटच्याही पुढे गेली होती. या टंचाईची झळ मात्र सर्वांना सारखी बसली नाही. मुंबई शहर तिच्यापासून जवळजवळ मुक्त राहिले. इतर शहरांच्या वाट्याला काही तासांचा अंधार आला. शेतीप्रधान भागात तो दिवसाला बारा तासांच्या घरात गेला. महानगरातील दुकानांचे फलक रात्रभर झगमगत असताना खेड्यातील विद्यार्थी कंदिलाच्या उजेडात परीक्षेचा अभ्यास करीत होते आणि शेतकरी पिकाला पाणी देण्यासाठी मध्यरात्री वीज येण्याची वाट पाहत होते.

आज भारनियमनाचे ते दिवस मागे पडले आहेत. परंतु प्रश्न संपलेला नाही. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेच्या मागणीने २,५०,००० मेगावॅटचा उच्चांक गाठला. यातील मोठा वाटा आजही दगडी कोळशापासून येतो. चंद्रपूर परिसरातील खाणींची धूळ आणि औष्णिक केंद्रांची राख यांचा भार तेथील रहिवासी वाहतात, आणि त्या विजेचा मोठा भाग दूरच्या शहरांत वापरला जातो. म्हणून एकाने वाया घालविलेल्या ऊर्जेची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी तरी चुकवीत असतो. ऊर्जा कार्यक्षमतेचा विचार केवळ वीजबिलाच्या दृष्टीने न करता शेजारधर्माच्या दृष्टीनेही करावा, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात शासन, उद्योग, शेती आणि घर या चार ठिकाणी ऊर्जेचा अपव्यय कोठे होतो, तो टाळण्यासाठी काय झाले आहे आणि काय करता येईल, याची माहिती आम्ही देत आहोत.

बचत आणि कार्यक्षमता

हे दोन शब्द आपण बहुधा एकाच अर्थाने वापरतो. त्यांत थोडा फरक आहे. गरज नसताना दिवा मालविणे ही बचत होय. तेवढाच प्रकाश कमी विजेत मिळविणे ही कार्यक्षमता होय. पहिलीसाठी सवय बदलावी लागते, दुसरीसाठी साधन किंवा पद्धत बदलावी लागते. दोन्हींची आवश्यकता आहे. परंतु कार्यक्षमतेत सोय सोडावी लागत नाही, हे तिचे वैशिष्ट्य आहे.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. जुन्या स्वयंपाकघरातील चुलीला शेजारी वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी भाजली जात असताना बाजूने निसटणाऱ्या आचेवर वैलावरचे दूध तापे किंवा आमटी मंद शिजे. वेगळे सरपण न घालता दुसरे काम होई. वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावण्याचे जे तत्त्व आज मोठमोठ्या कारखान्यांत लाखो रुपये खर्चून अमलात आणले जाते, तेच आपल्या आजीच्या चुलीत होते.

एका युनिटचा प्रवास

वापराच्या जागी केलेली बचत इतकी मोलाची का ठरते, हे समजण्यासाठी विजेचा प्रवास पाहू. कोळशातील उष्णतेचे १०० भाग धरले, तर आपल्या बहुतेक औष्णिक केंद्रांत त्यांतील सुमारे ३५ भागांचीच वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या पाण्यातून निघून जाते. निर्माण झालेल्या विजेपैकी सहा ते आठ टक्के वीज त्या केंद्राच्या स्वतःच्या यंत्रांना लागते. पुढे वाहिन्या आणि रोहित्रे यांतून ती घरापर्यंत येताना आणखी गळती होते. ही गळती १५ टक्के धरली, तर घरात पोहोचतात सुमारे २८ भाग. या विजेवर जुना तारेचा बल्ब लावला, तर तो तिच्यातील सुमारे पाच टक्क्यांचाच प्रकाश करतो आणि बाकीची उष्णता म्हणून सोडून देतो. म्हणजे १०० भागांपैकी जेमतेम दीड भाग आपल्या पुस्तकाच्या पानावर पडतो.

हाच हिशेब उलट दिशेने केला, तर घरात वाचविलेल्या एका युनिटमागे केंद्रावर सुमारे सव्वा युनिटची निर्मिती टळते. एका युनिटसाठी अर्धा किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो. देशातील सर्व प्रकारच्या विजेची सरासरी काढली, तरी प्रत्येक युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. साखळीच्या शेवटच्या कडीवरील बचत मागील प्रत्येक कडीवरचा भार हलका करते, असा याचा अर्थ आहे.

कायद्याची चौकट

भारतात ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली संमत झाला आणि १ मार्च २००२ पासून अमलात आला. त्याच दिवशी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ही केंद्रीय संस्था स्थापन झाली. राज्यात या कायद्याच्या अंमलबजावणीची जबाबदारी पुण्यातील 'महाऊर्जा' या संस्थेकडे आहे. दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो.

या कायद्याने मुख्यतः तीन गोष्टी साधल्या. पहिली, विजेच्या उपकरणांवर तारांकन आले. २००६ साली ते ऐच्छिक स्वरूपात सुरू झाले. २०१० पासून नो-फ्रॉस्ट फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, ट्यूबलाइट आणि वितरण रोहित्रे यांना, तर जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांनाही ते बंधनकारक झाले. दुसरी, मोठ्या व्यापारी इमारतींसाठी २००७ साली ऊर्जा संवर्धन इमारत संहिता तयार झाली व २०१७ मध्ये ती सुधारण्यात आली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आणण्याची तरतूद झाली. तिसरी, ऊर्जेचा प्रचंड वापर करणाऱ्या उद्योगांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे आणि ऊर्जा लेखापरीक्षण करून घेणे आवश्यक झाले.

शासन : सर्वांत मोठा ग्राहक

शासन नियम करते, तसेच ते स्वतःही एक फार मोठा ग्राहक आहे. कार्यालये, रुग्णालये, शाळा, रस्त्यावरील दिवे, पाणीपुरवठा आणि रेल्वे या सर्वांना ऊर्जा लागते. मोठ्या ग्राहकाने एकगठ्ठा मागणी नोंदविली की बाजारभाव कसा बदलतो, याचे उत्तम उदाहरण एलईडी दिव्यांचे आहे. २०१४ साली शासकीय खरेदीत सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ पर्यंत ४० रुपयांच्याही खाली आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेत एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सार्वजनिक कंपनीने ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित केले. ज्यांना एकरकमी पैसे देणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी वीजबिलातून दरमहा दहा रुपये कापून घेण्याची सोयही अनेक ठिकाणी होती. गरिबाच्या घरात चांगले साधन पोहोचवायचे असेल, तर किंमत आणि हप्ता या दोन्हींचा विचार करावा लागतो, हा या योजनेचा धडा आहे.

त्याच दिवशी रस्त्यांवरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला आणि त्यात १ कोटी ३० लाखांहून अधिक एलईडी पथदिवे बसविले गेले. यामागील आर्थिक पद्धत ध्यानात घेण्यासारखी आहे. दिवे बसविण्याचा खर्च प्रथम कंपनी करते. वीजबिलात जी बचत होते, तिच्यातून नगरपालिका तो खर्च काही वर्षांत फेडते. नगरपालिकेला आरंभी भांडवल उभे करावे लागत नाही. अर्थात ही पद्धत वेळेवर होणाऱ्या परतफेडीवर चालते. स्थानिक संस्थांकडून देयके थकली की नादुरुस्त दिवे बदलण्याचे काम रेंगाळते आणि शेवटी रस्त्यावर अंधारच येतो.

मुंबई आणि वसई-विरारच्या वाचकांच्या रोजच्या परिचयाचे दुसरे उदाहरण उपनगरी रेल्वेचे आहे. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला मार्गावर धावली. त्यानंतर १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर उपनगरी वाहतूक अनेक दशके चालली. पुढे ती टप्प्याटप्प्याने २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यात आली. पश्चिम रेल्वेवरील चर्चगेट ते विरार हे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील २०१५ मध्ये आणि हार्बर मार्गावरील २०१६ मध्ये पूर्ण झाले. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो, त्यामुळे तारांमधील गळती घटते. २००७ च्या अखेरीपासून दाखल झालेल्या नव्या गाड्या ब्रेक लावताना आपल्या मोटारी जनित्राप्रमाणे चालवितात आणि निर्माण झालेली वीज परत वरच्या तारेत सोडतात. दर दोन-तीन मिनिटांनी थांबणाऱ्या लोकलमध्ये यामुळे सुमारे ३० टक्के ऊर्जा परत मिळते. प्रवाशाला याची जाणीवही होत नाही.

नगरपालिकांच्या पाणीपुरवठ्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. धरणातून किंवा नदीतून पाणी उचलून टाकीत चढविण्यास वीज लागते. ते पाणी फुटक्या नळातून गळून गेले, तर त्याबरोबर वीजही गळून जाते. ज्या नगरपालिकेला वीजबिल कमी करायचे आहे, तिने कार्यालयातील दिव्यांबरोबरच जलवाहिनीची गळतीही तपासली पाहिजे.

उद्योग आणि व्यापार

कारखान्यात ऊर्जा हा उत्पादनखर्चाचा भाग असतो, त्यामुळे येथे बचतीचा हिशेब तत्काळ पटतो. मोठ्या उद्योगांसाठी केंद्र शासनाने २०१२ साली 'पॅट' नावाची योजना सुरू केली. तिच्या पहिल्या टप्प्यात औष्णिक वीज, पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते, कागद, वस्त्र आणि क्लोर-अल्कली या आठ क्षेत्रांतील ४७८ उद्योगांना उत्पादनाच्या प्रत्येक टनामागे ऊर्जा किती कमी करावयाची, याचे उद्दिष्ट देण्यात आले. उद्दिष्टापेक्षा अधिक बचत करणाऱ्यास प्रमाणपत्रे मिळत. जो मागे पडेल त्याला ती विकत घ्यावी लागत. २०१२ ते २०१५ या काळात सुमारे ६७ लाख टन तेलाइतकी ऊर्जा वाचविण्याचे लक्ष्य होते, प्रत्यक्षात सुमारे ८७ लाख टन तेलाइतकी वाचली. उद्दिष्ट सहज पार झाले, याचा एक अर्थ असाही निघतो की ते अधिक कठोर ठेवता आले असते. २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट व्यापार योजनेत या अनुभवाचा विचार व्हावा, ही अपेक्षा आहे.

लहान उद्योगांचे चित्र वेगळे आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमाग, कोल्हापूरच्या फाउंड्री किंवा वसईतील लहान गाळे यांना ऊर्जा व्यवस्थापक नेमणे परवडत नाही. त्यांच्यासाठी काही ठोस बाबी येथे नोंदवितो.

१. दाबाखालील हवा : कॉम्प्रेसरची हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग ऊर्जा होय. सात बार दाबाच्या नळीला सुमारे ३ मिलिमीटरचे छिद्र असेल, तर त्यातून अंदाजे ३ किलोवॅट शक्ती वाया जाते. यंत्र वर्षभर अखंड चालत असल्यास हे २६,००० युनिटांच्या घरात जाते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, सर्व यंत्रे बंद असताना कॉम्प्रेसर सुरू करून फुसफुस ऐकली, तरी बहुतेक गळत्या सापडतात.

२. मोटारीचा वेग : पंखा किंवा पंप यांचा वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर त्यांना लागणारी शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. झडप अर्धी मिटून प्रवाह कमी करणे म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धरून ब्रेक लावण्यासारखे आहे. वेग बदलणारे ड्राइव्ह हा त्यावरील उपाय आहे.

३. जळालेली मोटार : मोटार पुन्हा गुंडाळून घेतली की, विशेषतः काम नीट झाले नाही तर, तिची कार्यक्षमता घटते. अनेकदा गुंडाळलेली जुनी मोटार स्वस्त वाटते. प्रत्यक्षात मोटारीच्या आयुष्यात तिच्या किमतीच्या अनेक पटींनी वीज खर्च होते.

४. बॉयलर : बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याचे तापमान बाहेर फेकल्या जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग करून ६ अंशांनी वाढविले, तर इंधनात सुमारे एक टक्का बचत होते. वाफेच्या नळ्यांवरील उष्णतारोधक आवरण फाटलेले असेल, तर ते आधी दुरुस्त करावे. हे काम सर्वांत स्वस्त आहे.

दुकाने, दवाखाने, सभागृहे यांत वातानुकूलनाचा खर्च मोठा असतो. तारांकित वातानुकूलन यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवूनच ती विकावीत, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू झाला. तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. १८ अंशांवर यंत्र ठेवून शाल पांघरून बसणे ही प्रतिष्ठा मानली जाते, तोवर हा नियम कागदावरच राहील.

शेती : विसरलेले क्षेत्र

राज्याच्या विजेचा मोठा वाटा शेतीपंपांना लागतो. वसईच्या वाड्यांत एके काळी बैलांच्या रहाटाने पाणी काढीत, त्याची जागा विजेच्या पंपाने घेतली. आज हजारो विहिरींवर जुने, पुन्हा पुन्हा गुंडाळलेले आणि गरजेपेक्षा मोठे पंप चालत आहेत. विजेचा दाब कमी मिळतो म्हणून शेतकरी मोठा पंप घेतो. सर्वांनी मोठे पंप घेतले की दाब आणखी कमी होतो आणि रोहित्र जळते. हे दुष्टचक्र तोडण्यासाठी २००९ साली सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा परिसरात जुने पंप बदलून कार्यक्षम पंप बसविण्याचा देशातील पहिला प्रायोगिक प्रकल्प हाती घेण्यात आला.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. शेतीपंपांना वीज दीर्घकाळ सवलतीच्या दराने आणि पुष्कळदा मीटरशिवाय मिळाली. २०२४ साली राज्य शासनाने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली. अडचणीतील शेतकऱ्याला दिलासा मिळणे योग्यच आहे. परंतु बिलच येत नसेल, तर कार्यक्षम पंपावर शेतकऱ्याने स्वतःचे पैसे का घालावेत? अशा स्थितीत वाचलेल्या युनिटचा लाभ शासनाच्या तिजोरीला होतो. म्हणून पंप बदलण्याचा खर्चही शासनानेच उचलणे न्याय्य ठरेल. तोपर्यंत कमी घर्षणाचा फूटव्हॉल्व्ह, योग्य व्यासाची नळी, अनावश्यक वळणे टाळणे आणि कॅपॅसिटर बसविणे हे उपाय अल्प खर्चात करता येतात. त्यांमुळे पाणी लवकर भरते आणि मोटारही जळत नाही, हा शेतकऱ्याचा स्वतःचा लाभ आहे.

भारनियमनाच्या काळातील 'अक्षय प्रकाश' योजनेचा येथे उल्लेख करावासा वाटतो. या योजनेत गावकरी एकत्र येऊन संध्याकाळच्या वेळी पंप, गिरण्या व इतर मोठी यंत्रे बंद ठेवण्याचे मान्य करीत आणि दिवे-पंख्यांपुरतीच वीज वापरीत. त्या मोबदल्यात गावाला संध्याकाळी अखंड प्रकाश मिळे. एकाने चोरून मोटार लावली, तर साऱ्या गावाचे दिवे जाण्याचा धोका असे. त्यामुळे नियम मोडणाऱ्याला गावच आवरत असे. यंत्राची कार्यक्षमता जेथे अपुरी पडते, तेथे परस्परांवरील विश्वास कसा कामी येतो, हे या योजनेने दाखविले.

आपले घर

घरातील उपाय सांगताना पुष्कळदा लहानमोठे सर्व एकाच मापाने सांगितले जातात. मोबाइलचा चार्जर काढून ठेवणे चांगलेच. परंतु त्याने वाचणारी वीज नगण्य असते. म्हणून अधिक वीज लागणाऱ्या गोष्टींपासून आरंभ करणे इष्ट.

पंखा : आपल्या हवामानात सर्वांत अधिक तास चालणारे साधन पंखा आहे. जुना पंखा ७० ते ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. रोज १२ तास, वर्षातील ३०० दिवस पंखा चालत असेल, तर एका पंख्यामागे सुमारे १६० युनिटे वाचतात. युनिटमागे आठ रुपये धरल्यास ही रक्कम १,३०० रुपयांच्या आसपास येते. नव्या पंख्याची किंमत साधारण दोन-तीन वर्षांत वसूल होते.

फ्रिज : हे यंत्र दिवसरात्र चालते. खरेदी करताना केवळ तारे मोजू नयेत. लेबलवरील वर्ष आणि वार्षिक युनिटांचा आकडा वाचावा. निकष वेळोवेळी कडक केले जातात, त्यामुळे काही वर्षांपूर्वीचे पाच तारे आजच्या तीन ताऱ्यांइतकेच असू शकतात. दाराच्या रबरात कागद अडकवून पाहावा. तो सहज निसटत असेल, तर थंडावाही निसटत आहे. फ्रिज भिंतीला चिकटवून किंवा शेगडीजवळ ठेवू नये.

दिवे : ६० वॅटच्या जुन्या बल्बचे काम ९ वॅटचा एलईडी बल्ब करतो. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट चोकसह ५० वॅटच्या पुढे जाते, एलईडी नळी तेच काम सुमारे २० वॅटमध्ये करते.

स्वयंपाक : तीन दगडांच्या चुलीत लाकडातील सुमारे दहा टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते, शिवाय धूर स्त्रियांच्या आणि मुलांच्या छातीत जातो. घरगुती गॅस शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी, असे भारतीय मानक आहे. डाळ-कडधान्ये आधी भिजत घालणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकरमध्ये दोन-तीन पदार्थ एकदम शिजविणे, उकळी आल्यावर आच मंद करणे, या गोष्टी जुन्या आहेत आणि खऱ्या आहेत. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली की बर्नर साफ करण्याची वेळ झाली, असे समजावे. चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या घरांसाठी पुण्यातील 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली सुधारित चुली आणि अत्यल्प कोळशावर चालणारा 'सराई' कुकर विकसित केला.

उभे असलेले विजेचे भार : रिमोटने बंद केलेला सेट-टॉप बॉक्स पुष्कळदा चालू असल्याइतकीच वीज घेत राहतो. तो १० वॅट घेत असेल, तर वर्षभरात सुमारे ८७ युनिटे होतात. भिंतीवरील बटण बंद करणे हाच खरा उपाय.

बचतीचा दुसरा लाभ बिलाच्या रचनेत आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. महिन्याचा वापर १०० युनिटांच्या किंवा ३०० युनिटांच्या आत राहिला, तर वरच्या टप्प्याचा महाग दर लागत नाही. त्यामुळे वाचणारे युनिट नेहमी सर्वांत महाग युनिट असते.

अडथळे

एवढे सारे लाभदायक असूनही ते आपोआप का घडत नाही? याची काही कारणे आम्हांस दिसतात.

पहिले, साधन विकत घेणारा आणि बिल भरणारा पुष्कळदा वेगळे असतात. घरमालक स्वस्त पंखा बसवितो, बिल भाडेकरू भरतो. बिल्डर काचेची इमारत बांधतो, तिच्या वातानुकूलनाचा खर्च पुढे रहिवासी सोसतात. दुसरे, चांगले साधन आज पैसे मागते आणि परतावा उद्या देते. ज्याच्या हाती आज पैसे नाहीत, त्याच्यापर्यंत तो उद्या पोहोचतच नाही. अशा रीतीने गरिबाला महाग वीज आणि श्रीमंताला स्वस्त वीज पडते. लग्नासाठी, घरदुरुस्तीसाठी कर्ज देणाऱ्या आपल्या पतपेढ्यांनी कार्यक्षम पंप, पंखे, फ्रिज यांसाठीही अल्प व्याजाची लहान कर्जे दिली, तर हा अडथळा बराच दूर होईल. बचतीतूनच हप्ता फिटू शकतो.

तिसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली असे दाखविले की वाफेची यंत्रे सुधारल्यावर इंग्लंडमध्ये कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला. कारण यंत्र स्वस्तात चालू लागल्यावर ती अधिक ठिकाणी वापरली गेली. एलईडी स्वस्त झाले म्हणून बंगल्याच्या कुंपणावर रात्रभर पन्नास दिवे लावले, तर आपणही तेच करू. जेथे प्रकाश नव्हता तेथे तो पोहोचणे, ही प्रगती आहे. जेथे तो पुरेसा होता तेथे तो निष्कारण वाढणे, हा अपव्यय आहे. हा विवेक कोणतेही यंत्र आपल्यासाठी करणार नाही.

आरंभ कोठून करावा

जे मोजले जात नाही, त्यात सुधारणा होत नाही. म्हणून पहिले पाऊल मोजणीचे असावे. आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१. मागील बारा महिन्यांची वीजबिले एकत्र करून प्रत्येक महिन्याची युनिटे कागदावर मांडावीत. बिलावर हा आलेख असतोच. तो बहुतेक जण पाहत नाहीत.

२. रात्री सर्व दिवे-पंखे बंद करून मीटर पाहावा. तरीही त्याचा दिवा झपाट्याने लुकलुकत असेल, तर कोठे तरी वीज जात आहे. ती जागा शोधावी.

३. साधने बदलताना सर्वाधिक तास चालणारे आणि सर्वांत जुने साधन आधी बदलावे.

४. शाळा, चर्च, समाजमंदिर, सहकारी गृहनिर्माण संस्था यांनी वर्षातून एकदा आपल्या वीजवापराचा अहवाल सभेपुढे ठेवावा. जिन्यातील दिवे आणि पाण्याचा पंप ही गृहनिर्माण संस्थांच्या बिलातील मोठी कलमे असतात आणि त्यांचा निर्णय सामूहिकच होऊ शकतो.

५. लहान उद्योजकांनी आपल्या औद्योगिक वसाहतीत एकत्र येऊन प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी. दहा गाळ्यांत वाटलेला खर्च प्रत्येकास परवडतो.

६. ग्रामसभा आणि प्रभाग समिती यांत पथदिव्यांच्या वेळा, पाणीपुरवठ्यातील गळती आणि वीजबिलाची थकबाकी यांविषयी नागरिकांनी माहिती मागावी. तो त्यांचा अधिकार आहे.

भारनियमनाच्या काळात वीज कोणाला मिळावी आणि कोणी अंधारात राहावे, हे वीज कंपनीच्या वेळापत्रकाने ठरविले. टंचाई तितकी तीव्र नसताना तोच निर्णय आपण रोज आपल्या घरात, कार्यालयात आणि कारखान्यात नकळत घेत असतो. चंद्रपूरच्या खाणीजवळ राहणाऱ्या कुटुंबाचा आणि आपल्या भिंतीवरील बटणाचा संबंध डोळ्यांना दिसत नाही. विजेच्या तारेने तो मात्र जोडलेला आहे. या महिन्याचे बिल हाती येईल तेव्हा वाचकांनी रकमेबरोबर युनिटांचा आकडाही पाहावा आणि पुढील वर्षी याच महिन्यात तो किती असावा हे कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे, अशी आमची विनंती आहे.